चेस्की क्रुमलोव: प्रागहून धावती भेट की मुक्काम?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात पुण्याहून पाच जण निघाले आहेत: नवराबायको, सत्तरीचे आईबाबा आणि चित्रांची आवड असलेली बारा वर्षांची मुलगी. प्रागला चार रात्री, मग व्हिएन्नाला तीन. त्यात चेस्की क्रुमलोव हे चेक प्रजासत्ताकातलं नदीकाठचं जुनं गाव एका दिवसात उरकून प्रागला परतायचा विचार आहे. बाबांचे गुडघे दुखतात, आई पूर्ण शाकाहारी. शिवाय कोणीतरी सांगितलंय की ते गाव फक्त फोटोपुरतं आहे. मग जावं का, आणि कसं?

मी बरीच वर्षं मराठी मंडळींचे गट मध्य युरोपात घेऊन जातो, म्हणून सरळच सांगतो. क्रुमलोवला जायचं असेल तर मुक्कामाला जा. प्रागच्या चारपैकी एक रात्र तिथे द्या, दोन देता आल्या तर फारच उत्तम. एका दिवसात जाऊन यायचं असेल तर ते रद्द करा आणि त्याऐवजी कुटना होराला जा. ते प्रागहून रेल्वेने साधारण तासाभरावर आहे, तिथलं सेंट बार्बराचं चर्च डोळे दिपवणारं आहे आणि संध्याकाळी तुम्ही आरामात प्रागच्या हॉटेलवर परत असता.

कारण सांगतो. प्राग ते क्रुमलोव अंतर साधारण १७० किलोमीटर आहे आणि बसला एका बाजूने तीन तास लागतात. सकाळी आठला निघालात तर अकराला पोचाल, परतीसाठी चार-पाचला बस पकडाल. त्या दिवशी गावात येणारा प्रत्येक पर्यटक नेमक्या याच वेळेत तिथे असतो. अरुंद गल्ल्यांत खांद्याला खांदा लागतो, कॅसलच्या तिकिटाला रांग, जेवायला रांग, आणि सत्तरीच्या आईबाबांचे सहा तास बसमध्ये. दुसरं असं की क्रुमलोव देशाच्या दक्षिण टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ आहे. म्हणजे ते तुमच्या व्हिएन्नाच्या वाटेवरच पडतं. तिथवर जाऊन पुन्हा उत्तरेला प्रागला यायचं आणि तिथून पुन्हा दक्षिणेला व्हिएन्ना गाठायचं, हा द्राविडी प्राणायाम कशाला? प्राग, मग क्रुमलोव, मग थेट व्हिएन्ना असा मार्ग धरा. दोन्ही देश शेंगेनमध्ये आहेत, त्यामुळे व्हिसाच्या दृष्टीनेही वेगळं काही करावं लागत नाही.

आता ‘फोटोपुरतं गाव’ या शेऱ्याबद्दल. तो शेरा मला लागतो, कारण दुपारच्या दोन तासांत गाव बघितलं की नेमकं तेवढंच हाती लागतं. हे गाव असं का राहिलं, हे कळलं तर तेच रस्ते वेगळे दिसतात.

व्हल्तावा नदी इथे घोड्याच्या नालेच्या आकाराची वळणं घेते. एका वळणाच्या पोटात जुनं गाव आहे, जवळजवळ चारही बाजूंनी पाण्याने वेढलेलं. समोरच्या काठावर उभा कातळ आणि त्यावर कॅसल. कॅसलच्या पायथ्याशी लाट्रान ही वस्ती, जिथे कॅसलचे नोकरचाकर आणि कारागीर राहत. लाट्रान आणि मुख्य गाव यांना जोडणारा लाझेब्नित्स्की पूल लाकडी आहे, त्यावर सेंट जॉन नेपोमुकचा पुतळा आहे. हा सगळा पसारा पायी अर्ध्या तासात ओलांडता येतो.

कॅसलचा पहिला लिखित उल्लेख १२५३ सालचा. १३०२ मध्ये तो रोझम्बेर्क घराण्याकडे आला आणि पुढची तीनशे वर्षं त्यांच्याकडेच राहिला. दक्षिण बोहेमियात, म्हणजे चेक देशाच्या या भागात, या घराण्याचा दरारा राजाच्या बरोबरीचा होता. पाच पाकळ्यांचा लाल गुलाब ही त्यांची खूण. गावात फिरताना ती मुलीला शोधायला सांगा, भिंतींवर, दारांवर जागोजागी सापडेल. सोळाव्या शतकात विलेम रोझम्बेर्कने जुन्या गढीचा इटालियन धाटणीचा राजवाडा केला. रंगीत मनोरा आणि भिंतींवरची चित्रं मुख्यतः त्या काळातली आहेत. त्याचा धाकटा भाऊ पेत्र वोक कर्जात बुडाला आणि १६०२ मध्ये त्याने क्रुमलोव सम्राट दुसऱ्या रुडॉल्फला विकून टाकलं. १६२२ मध्ये ते ऑस्ट्रियन एग्गेनबेर्ग घराण्याला मिळालं आणि १७१९ पासून श्वार्झेनबेर्गांकडे आलं.

खरी कलाटणी यानंतरची आहे. एकोणिसाव्या शतकात श्वार्झेनबेर्गांनी आपला मुख्य मुक्काम ह्लुबोकाला हलवला. ह्लुबोकाचा वाडा त्यांनी पाडून इंग्लिश पद्धतीने नव्याने बांधला, क्रुमलोवला मात्र हात लावला नाही. रेल्वे आली ती १८९१ च्या सुमारास, तीही गावाबाहेर टेकडीवर. कागदाचा मोठा कारखाना निघाला तो जवळच्या व्हेतर्झनीला. पैसा, यंत्रं आणि नवी बांधकामं सगळी बाजूने निघून गेली, म्हणून गल्ल्या जशा होत्या तशाच राहिल्या.

मग विसावं शतक आलं. गावातले बहुसंख्य लोक जर्मनभाषक होते आणि गावाला क्रुमाउ म्हणत. १९३८ च्या म्युनिक करारानंतर हा भाग हिटलरच्या जर्मनीत गेला. मे १९४५ मध्ये अमेरिकी सैन्य इथे पोचलं आणि युद्धानंतर इथल्या जर्मन लोकांना देश सोडावा लागला. पिढ्यान् पिढ्यांची घरं एका वर्षात रिकामी झाली. बाहेरून आणून वसवलेल्या लोकांकडे ती दुरुस्त करायला पैसा नव्हता. श्वार्झेनबेर्गांची मालमत्ता १९४७ मध्ये सरकारजमा झाली. पुढची कित्येक वर्षं भिंतींचा गिलावा पडत राहिला. १९६३ मध्ये गाव संरक्षित ठरलं, पण मोठी डागडुजी झाली ती कम्युनिस्ट राजवट संपवणाऱ्या १९८९ च्या राज्यक्रांतीनंतर, आणि १९९२ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागलं. तेव्हा चौकातल्या गुलाबी-पिवळ्या भिंती बघताना हे लक्षात असू द्या की त्या आधी बराच काळ काळवंडलेल्या होत्या, आणि आत राहणारी माणसं एकदा पूर्ण बदलली आहेत. मी गटाला हे चौकात उभं राहून सांगतो. त्यानंतर लोक फोटो थोडे कमी काढतात आणि खिडक्यांकडे जास्त बघतात.

आता बघायचं काय. कॅसलची पाचही अंगणं, पूल आणि बाग यांना तिकीट नाही. तिकीट आहे ते आतल्या दालनांना, मनोऱ्याला आणि थिएटरला. सगळं करायला जाऊ नका, थकवा येईल. तुमच्या घरासाठी माझी निवड अशी: पहिल्या क्रमांकावर बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या शैलीचं, थिएटर, दुसऱ्यावर दालनांची पहिली टूर. मनोरा फक्त तुम्ही आणि मुलगी. त्याला १६२ पायऱ्या आहेत, बाबांनी त्या वाटेला जाऊ नये.

थिएटर पहिल्या क्रमांकावर का? कारण दालनं युरोपात शेकडो आहेत, असं थिएटर मात्र जगात क्वचितच उरलंय. एग्गेनबेर्गांनी १६८० च्या दशकात कॅसलच्या आवारात नाटकासाठी स्वतंत्र इमारत बांधली आणि श्वार्झेनबेर्गांनी १७६५-६६ मध्ये तिचं नूतनीकरण करून आजचं रूप दिलं. पुढे घराणंच इथून हललं, त्यामुळे ती आधुनिक करायची गरज कुणाला पडली नाही. लाकडी यंत्रणा, रंगवलेले पडदे, विंगा, पोशाख, संहिता, अगदी दिव्यांची सामग्रीसुद्धा टिकली. १९६६ पासून थिएटर दुरुस्तीसाठी बंद होतं, १९९७ मध्ये लोकांसाठी उघडलं.

आत शिरल्यावर आधी अंधार जाणवतो, कारण प्रकाश मेणबत्तीच्या बेताचाच ठेवलेला असतो. डोळे सरावले की समोर खोल खोल जाणारा देखावा दिसतो. दोन्ही बाजूंना एकामागे एक उभ्या चौकटी, मागची पुढचीपेक्षा किंचित लहान, त्यामुळे मोजक्या मीटरचा रंगमंच लांबलचक वाटतो. मग मार्गदर्शक रंगमंचाखालचं सांगतो, तेव्हा खरी गंमत कळते. प्रत्येक चौकट फळीतल्या खाचेतून खाली उतरलेल्या लाकडी गाड्यावर उभी आहे. सगळ्या गाड्यांचे दोर एका मोठ्या लाकडी रहाटाला बांधलेले. खाली उभ्या असलेल्या माणसांनी तो फिरवला की एक संच मागे सरकतो, दुसरा पुढे येतो, वरच्या झालरीही त्याच वेळी बदलतात. पडदा न पाडता, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, काही सेकंदांत जंगलाचा राजवाडा होतो. शेजारी पाऊस, वारा आणि मेघगर्जनेची यंत्रं आहेत. आपल्याकडे संगीत नाटकांच्या रंगवलेल्या पडद्यांच्या आठवणी आजीआजोबांकडून ऐकलेल्या असतात. तुमचे आईबाबा त्या पिढीच्या जवळचे आहेत. मी आजवर नेलेल्या ज्येष्ठांना संपूर्ण क्रुमलोवमध्ये याच जागेने सर्वांत जास्त बोलतं केलंय.

मात्र थिएटरच्या टूर साधारण मे ते ऑक्टोबर एवढ्याच असतात, सोमवारी नसतात आणि एका वेळी थोड्याच लोकांना सोडतात. इंग्रजी टूर दिवसातून मोजक्याच. सप्टेंबरमध्ये तिथे बरोक कलांचा महोत्सवही असतो, त्या दिवसांत वेळा बदलू शकतात. त्यामुळे कॅसलच्या अधिकृत संकेतस्थळावर तारखा पाहून तिकीट निघण्याआधीच काढा.

दालनांची पहिली टूर तासाभराची आहे. तिच्यात दोन गोष्टी लक्ष देऊन बघा. एक म्हणजे सोनेरी रथ. १६३८ मध्ये एग्गेनबेर्ग सम्राटाचा दूत म्हणून पोप आठव्या अर्बनकडे गेला, त्या एका मिरवणुकीसाठी तो बनवला आणि नंतर कधी वापरलाच नाही. दुसरी म्हणजे मास्करेड हॉल. १७४८ मध्ये योसेफ लेडरर या चित्रकाराने त्याच्या चारही भिंती मुखवटे घातलेल्या नाचणाऱ्या, हसणाऱ्या, सज्ज्यातून वाकून बघणाऱ्या माणसांनी भरून टाकल्या. खिडकीच्या कोनाड्यात एक गृहस्थ कॉफी पीत बसलाय, तो स्वतः चित्रकार. मुलीला हे आधी सांगू नका, तिथे पोचल्यावर शोधायला लावा. आत फोटो काढायला परवानगी नाही. दुसरी टूर श्वार्झेनबेर्गांच्या राहत्या खोल्यांची आहे. चांगली आहे, पण व्हिएन्नाला तुम्ही तशा खोल्या भरपूर बघणारच आहात, म्हणून वगळा.

पहिल्या आणि दुसऱ्या अंगणाच्या मधल्या खंदकात अस्वलं पाळली आहेत. रोझम्बेर्क स्वतःचं नातं इटलीच्या ओर्सिनी घराण्याशी सांगत आणि ओर्सिनींचं चिन्ह अस्वल, तेव्हापासूनची ही परंपरा. मुलं तिथे रेंगाळतात. मला ती जागा त्या प्राण्यांना अपुरी वाटते, म्हणून मी गटाला थांबवत नाही. तुम्ही ठरवा.

बाबांच्या गुडघ्यांचा प्रश्न खरा आहे, पण सुटण्यासारखा आहे. सगळं गाव फरसबंद आहे, दगड गोटे बसवल्यासारखे उंचसखल, पावसात निसरडे. चांगल्या तळव्याचे, घोटा धरणारे बूट आणि एक काठी, एवढं नक्की न्या. लाट्रानहून लाल दरवाजातून कॅसलमध्ये शिरलं की बागेपर्यंत सतत चढच आहे. ती वाट उलटी करा. हॉटेलवाल्यांकडून टॅक्सी बोलवा आणि वरच्या अंगाला, बागेच्या जितक्या जवळ सोडता येईल तितकं सोडायला सांगा. मग बाग, पाचवं अंगण, झाकलेला पूल, चौथं, तिसरं असं करत उतरत या. प्लाश्तोव्ही नावाचा हा पूल म्हणजे दगडी खांबांवर उभे असलेले एकावर एक मजले आहेत. कॅसलच्या घरच्या माणसांना खाली न उतरता त्याच्या आतल्या मार्गिकांतून थिएटरला आणि बागेकडे जाता येई. उघड्या मजल्यावर कठड्यापाशी थांबा. नदीचं वळण आणि सगळं गाव तिथून तुमच्या पायाशी असतं. बाबांना मनोऱ्याची कसर इथे भरून निघेल.

हॉटेल निवडताना दोनच प्रश्न विचारा: लिफ्ट आहे का, आणि गाडी दारापर्यंत येते का. जुन्या घरांची हॉटेलं झाली आहेत, त्यांत बहुतेक ठिकाणी लिफ्ट नसते आणि जिने अरुंद, उंच पायऱ्यांचे असतात. तळमजल्याची किंवा पहिल्या मजल्याची खोली लेखी मागून घ्या. मध्यभागी गाड्यांना बंदी आहे, पण सामान उतरवण्यापुरतं जाऊ देतात का हे हॉटेलला विचारता येतं. चाकांच्या मोठ्या बॅगा या दगडांवरून ओढणं ही शिक्षा आहे. त्यामुळे रेल्वेपेक्षा बस बरी: रेल्वे स्टेशन टेकडीवर, गावापासून दीड-दोन किलोमीटरवर आहे, तर बसस्थानकावरून मध्यवर्ती चौक दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर. प्रागहून बऱ्याच बसगाड्या ना क्निझेत्सी स्थानकातून सुटतात, ते मेट्रोच्या बी मार्गावरच्या आंद्येल स्टेशनला लागून आहे. सीट आधी आरक्षित करा, शनिवार-रविवारी गाड्या भरून जातात.

दिवस कसा बसवायचा? सकाळी प्रागहून निघा, दुपारी एक-दीडला खोलीवर पोचा आणि सरळ विश्रांती घ्या. दुपारची गर्दी बाहेर चालू दे. साडेचारनंतर बाहेर पडा. एव्हाना परतीच्या बसेस निघायला लागलेल्या असतात आणि तासाभरात गल्ल्या मोकळ्या होतात. त्या काळात सूर्य सातच्या आसपास मावळतो, म्हणजे तुम्हाला उजेडाचे दोन-अडीच तास मिळतात. स्वोर्नोस्ती चौकातून होर्नी रस्त्याने वर या. प्रादेशिक संग्रहालयाशेजारच्या छोट्या बागेतून समोरचा कॅसल पूर्ण दिसतो, बसायला बाक आहेत, चढही सौम्य. परत येताना सेंट व्हिटसच्या चर्चमध्ये डोकवा. पंधराव्या शतकातलं आहे, उंच आणि साधं. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठणारे एकटेच नदीकाठाने एक फेरी मारून येऊ शकतात. सप्टेंबरअखेरीस पहाटे चांगलंच गार असतं आणि नदीवर बऱ्याचदा धुकं असतं, स्वेटर आणि जाकीट दोन्ही ठेवा. नऊ-दहाला कॅसल उघडला की आधी थिएटर, नंतर दालनं.

२८ सप्टेंबरला तुम्ही चेक प्रजासत्ताकात असाल तर एक लक्षात ठेवा. तो सेंट वेन्सेस्लासचा दिवस, राष्ट्रीय सुट्टी. मोठी दुकानं बंद असतात आणि देशातलेच लोक मोठ्या संख्येने फिरायला निघतात. हॉटेल त्याआधीच पक्कं हवं.

मुलीसाठी एगोन शीले हा ऑस्ट्रियन चित्रकार. व्हिएन्नाला तुम्ही त्याची चित्रं बघणार असालच, पण त्याची आई क्रुमलोवची, आणि १९११ मध्ये तो स्वतः इथे नदीकाठच्या एका घरात राहायला आला होता. सोबत वाली ही त्याची मैत्रीण, लग्न न झालेली. त्याचं राहणं आणि त्याने काढलेली मॉडेल्सची चित्रं गावाला रुचली नाहीत आणि त्याला निघून जावं लागलं. तरी या गावाची चित्रं तो काढतच राहिला: वरून पाहिलेली छपरं, एकमेकांना टेकलेली घरं आणि भोवती काळं पाणी. शिरोका रस्त्यावर जुन्या ब्रुअरीत १९९३ पासून त्याच्या नावाचं कला केंद्र आहे. तिथे त्याची मूळ रंगचित्रं बघायला मिळतील या अपेक्षेने जाऊ नका. त्याच्या आयुष्याचा धागा आणि इतर कलाकारांची बदलती प्रदर्शनं, असं ते आहे. शीलेच्या काही कामांत नग्नता आहे, ते पाहून मुलीबाबत तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर तिला स्केचबुक देऊन झाकलेल्या पुलाच्या कठड्याशी अर्धा तास बसवलं असतं. शीलेनेही हे गाव असं उंचावरूनच रेखाटलं. तिथे छपरं काढून झाल्यावर व्हिएन्नातलं त्याचं चित्र ती फार वेगळ्या नजरेने बघेल.

नदीवर उतरायचं का? उन्हाळ्यात अख्खा चेक देश व्हल्तावावर वल्ही मारायला येतो. वरच्या अंगाला व्हिशी ब्रोदपासून क्रुमलोवपर्यंत होड्या आणि रबरी तराफे येत राहतात, पाण्याचा मेळ वरच्या लिपनो धरणातून सोडण्यावर असतो. गावातच छोटे बंधारे आहेत, त्यांच्या एका कडेला होडी घसरत जाईल असा उताराचा मार्ग ठेवलाय. पुलावर उभं राहिलं की खालून आरोळी येते, ‘अहोऽऽय!’ समुद्र नसलेल्या या देशात होडीतले लोक एकमेकांना अशीच हाक देतात, आणि पुलावरच्यांनी तिला उत्तर द्यायचं असतं. मुलगी जोरात देईल. सप्टेंबरच्या शेवटी हा हंगाम सरत आलेला असतो, आणि पाणी थंड. पण हंगामात मोठ्या लाकडी तराफ्यावरून नावाडी गावाभोवती फिरवून आणतात, त्यात बाकांवर बसायचं असतं. तुमच्या तारखांना तो चालू असेल तर आईबाबांना जरूर बसवा, चढउताराशिवाय सगळी वळणं बघून होतात. लाकूड हा या मुलखाचा जुना व्यवसाय होता. श्वार्झेनबेर्गांचा अभियंता योसेफ रोझेनाउअर याने १७८९ पासून शुमावाच्या जंगलात कालवा खणला आणि तिथलं जळाऊ लाकूड पाण्यावरून डॅन्यूबच्या बाजूला, व्हिएन्नाच्या चुलींपर्यंत पोचवलं. तुम्हीही त्याच दिशेने निघालेले आहात.

जेवणाचं. मेनूकार्डात ‘बेझमासा यीडला’ असा विभाग शोधा, बिनमांसाचे पदार्थ त्याखाली असतात. पण तिथेच थांबू नका. सूप बहुधा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं आणि बटाट्याचं थालीपीठ म्हणता येईल असा ब्रांबोराक कधी कधी डुकराच्या चरबीवर भाजतात. चरबीला ‘साद्लो’ म्हणतात. ‘बेझ मासा, बेझ साद्ला’ एवढं आईंनी पाठ केलं तरी वाढणाऱ्याला नेमकं कळतं. स्माझेनी सीर म्हणजे तळलेलं चीज आणि बटाटे, हे हमखास मिळतं, मात्र आवरणात अंडं असतं. अंडं चालत नसेल तर तेही स्पष्ट सांगावं लागेल, कारण तिथले क्नेडलीकी म्हणजे उकडलेल्या पिठाचे गोळे, त्यांतही बऱ्याचदा अंडं असतं. चालत असेल तर फळं भरलेले गोड क्नेडलीकी मागवा. सप्टेंबरात आलुबुखारचे मिळतात, वर वितळलेलं लोणी, साखर आणि किसलेलं पनीरसारखं त्वारोह. ते जेवण म्हणूनच खातात. गल्लोगल्ली विकला जाणारा ट्रडेलनिक मात्र जुना बोहेमियन पदार्थ म्हणून खाऊ नका, तो अलीकडे पर्यटकांसाठी फोफावला. स्वयंपाकघरं रात्री नऊच्या सुमारास बंद होतात, आपल्या वेळेला जेवायला निघालात तर उपाशी झोपाल. थेपले-खाकरे सोबत असू द्या. नळाचं पाणी निर्धास्त प्या. पैसे कोरुना या चेक चलनातच द्या, युरोत दिले तर दर वाईट लावतात. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, स्वच्छतागृहांसाठी थोडी नाणी ठेवा.

अजून एक गोष्ट सांगायची आहे, कारण मला ती महत्त्वाची वाटते. नगरपालिकेच्या हद्दीत साधारण तेरा हजार लोक राहतात, पण जुन्या मध्यभागात राहणारे फार थोडे उरलेत. घरांची हॉटेलं झाली, किराणा दुकानांची स्मरणवस्तूंची दुकानं झाली. २०१८ मध्ये काटेर्झिना शेदा या चेक कलाकाराने व्हेनिसला दर दोन वर्षांनी भरणाऱ्या वास्तुकलेच्या प्रदर्शनासाठी, म्हणजे बिएनालेसाठी, इथे एक प्रयोग केला. काही कुटुंबांना पगार आणि घर देऊन मध्यभागात राहायला आणलं, आणि त्यांचं काम एकच: साधं जगणं. कपडे वाळत घालायचे, मुलांना खेळवायचं, शेजाऱ्याशी बोलायचं. पर्यटकांनी गजबजलेल्या गावात रोजचं जगणं ही नोकरी करून दाखवावी लागली. त्यानंतर २०१९ पासून पर्यटक बसेसना आधी वेळ आरक्षित करून शुल्क भरावं लागतं. आमच्यासारख्या गट नेणाऱ्यांना त्याचा त्रास होतो, तरी मला तो नियम योग्य वाटतो. तुम्ही रात्र राहिलात, गावातल्या खाणावळीत जेवलात, तिथल्या बेकरीतून सकाळचा पाव घेतलात, तर चार तास गर्दी करून निघून जाणाऱ्यांपेक्षा गावाच्या पदरात जास्त पडतं. कुणाच्या खिडकीत किंवा अंगणात कॅमेरा रोखू नका, आत राहणारे थोडेच आहेत आणि ते कंटाळलेले आहेत.

दोन रात्री मिळाल्या तर मधल्या दिवशी होलाशोव्हित्से हे खेडं पाहा. १९९८ पासून तेही युनेस्कोच्या यादीत आहे. तळ्याभोवती मोठं हिरवं मैदान आणि त्याला सामोरी एका ओळीत नक्षीदार दर्शनी भिंतींची शेतकऱ्यांची घरं. सगळं सपाट, बाबांना मानवेल असं. टॅक्सीने अर्धा दिवस पुरतो.

पुढे व्हिएन्नाला जाताना रेल्वेने दोनदा तरी बदल करावा लागतो. पाच माणसं आणि एवढं सामान असेल तर शटल व्हॅन घ्या: हॉटेलपासून हॉटेलपर्यंत साधारण तीन तास. वाटेत लिंझला सोडणाऱ्याही व्हॅन आहेत, तिथून व्हिएन्नाची जलद गाडी मिळते. बुकिंग या क्रमाने करा: आधी थिएटरची वेळ, मग त्या तारखेला धरून लिफ्टवालं किंवा खालच्या मजल्याचं हॉटेल, मग बस आणि शटल. थिएटरची इंग्रजी टूर सकाळी मिळाली तर त्याच दुपारी निघता येईल. दुपारची मिळाली तर व्हिएन्नाची व्हॅन चारनंतरची ठेवा.